दिवा कोणी लावायचा? कठीण दिवसांतल्या यहुदी घराबद्दल

ताई, तुमचा प्रश्न मी तीन वेळा वाचला. आठ महिन्यांपूर्वी मिस्टरांची नोकरी गेली. सासऱ्यांची स्मृती दोन वर्षांपासून विरत चालली आहे आणि आता त्यांचं सगळं अंथरुणातच करावं लागतं. मुलगी दहावीला. घर तुमच्या एकटीच्या पगारावर चाललं आहे. शुक्रवारी लोकलमधून उतरून तुम्ही घरी पोचता तोवर सूर्य बुडालेला असतो, त्यामुळे शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला लागणाऱ्या आपल्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा कधी उशिरा लागतो, कधी लागतच नाही. जवळचे सगळे नातेवाईक इस्रायलला. सिनेगॉगची, आपल्या प्रार्थनास्थळाची, पायरी चढून वर्ष झालं. आणि मागच्या आठवड्यात मुलीने विचारलं, "मम्मी, आपण हे सगळं कशासाठी करतो?" तेव्हा तुम्हाला काही सुचलं नाही. शेवटी तुम्ही लिहिलंय, "या धबडग्यात मला देव घरात कुठेच सापडत नाही. मग यहुदी म्हणून जगण्याला अर्थ काय उरला?"

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातली, माहेर अलिबाग तालुक्यातलं. सव्वीस वर्षं आमच्या सिनेगॉगमध्ये रविवारी मुलांना हिब्रू अक्षरं, प्रार्थना आणि सणांची माहिती शिकवली. त्या निमित्ताने पुष्कळ घरांत जाणं झालं, आजारपणात, मयतीत, नोकरी गेलेली असताना. माझे मिस्टर अर्धांगवायूने सहा वर्षं अंथरुणावर होते, त्यामुळे तुम्ही लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी मी अंगावर काढलेल्या आहेत. मी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाही. धर्मनियमाचा नेमका निर्णय हवा असेल तर जाणकाराला विचारा. कुठे विचारायला हवं ते मी सांगेन.

तुम्ही देव सापडत नाही म्हणता. वाचताना मला असं वाटलं की तुम्ही त्याला चुकीच्या जागी शोधता आहात. तुमच्या मनात धर्म म्हणजे सिनेगॉग, शांत मन, स्वच्छ टेबलक्लॉथ, वेळेवर लागलेला दिवा. घर म्हणजे या सगळ्याच्या आड येणारी गोष्ट. डबे, औषधं, चादरी, ईएमआय. एकदा असं मनात बसलं की घरात घालवलेला प्रत्येक तास धर्मातून वजा होत जातो. मग वर्षभरात शिल्लक शून्यच राहणार. आपल्या समाजाचा इतिहास बघितलात तर हा हिशेबच वेगळा आहे, म्हणून थोडी मागे जाते.

आपली कथा तुम्हाला ठाऊकच आहे. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना तिथेच पुरलं. वाचलेले कोकणात घाण्यावर तेल काढायला लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. शतकानुशतकं त्यांच्याकडे सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, नव्हता, रब्बी नव्हता, सिनेगॉग नव्हतं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६चं, आपण जिला जुनी मशीद म्हणतो ते. त्याच्या आधीची सगळी शतकं धर्म राहिला कुठे?

याचं उत्तर दावीद रहाबी या बाहेरून आलेल्या यहुद्याच्या कथेत आहे. तो कोकणात आला आणि हे लोक खरंच इस्राएलचे आहेत का, ते त्याला पडताळायचं होतं. ही घटना नेमकी कधीची यावर मतभेद आहेत. कोणी ती हजार वर्षांपूर्वीची मानतं, कोणी अठराव्या शतकातली. पण कथा सगळे एकच सांगतात. त्याने प्रार्थना म्हणून दाखवायला सांगितली नाही. बायकांना टोपलीभर मिसळीचे मासे दिले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले, म्हणजे आपल्या धर्मात चालणारे, मासे घेतले, बाकीचे बाजूला काढले. तेवढ्यावरून त्याची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घरांतले तीन तरुण निवडून शिकवले.

मी मुलांना ही गोष्ट दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी एका जागी थांबायचे. त्या बायकांना त्या दिवशी परीक्षा चालू आहे हे माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने तो रोजचा स्वयंपाक होता. कोणाचं तरी पोर रडत असेल, चूल धुमसत असेल, एखादीच्या सासूला ताप असेल. त्या हाताने पापलेट एका बाजूला आणि मुशी दुसऱ्या बाजूला करत होत्या, आणि त्यात आपली अख्खी जमात ओळखली गेली.

आपल्या सणांची जुनी नावं बघा. रोश हशाना, म्हणजे नवं वर्ष, आपल्याकडे नव्याचा सण. योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दार फाळणीचा सण, कारण त्या दिवशी माणसं दारं लावून घरात बसायची. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. आणि यरुशलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या उपासाला आपल्या आज्या बिरड्याचा रोजा म्हणत, कारण उपास वालाच्या बिरड्यावर सुटायचा. सगळ्यात मोठ्या दुःखाच्या दिवसाला बायकांनी नाव दिलं ते भांड्यातल्या कालवणाचं. वाल आधी भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा. माझी आजी त्या दिवशी उपाशीपोटी, जमिनीवर बसून वाल सोलायची आणि बोलायची नाही. तिला 'एखा', म्हणजे त्या दिवशी वाचायचं विलापगीतांचं पुस्तक, वाचता येत नव्हतं. त्या सोलण्यात तिचा शोक होता असं मला आता वाटतं.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमचा अपराधीपणा बराचसा इथून येतो. दहा पुरुषांचं मिन्यान, म्हणजे प्रार्थनेचा गट, लागतं ते मयतानंतर म्हणायच्या कद्दीशला, तोरा-वाचनाला, काही सामूहिक प्रार्थनांना. शब्बाथच्या दिव्याला ते लागत नाही. किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला नाही, जेवणाच्या बेराखाला, म्हणजे आशीर्वचनाला नाही, मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला नाही, शेमा म्हणायला नाही. आपल्या पूर्वजांकडे जवळजवळ सगळं विसरून झाल्यावरही उरलं होतं ते 'शेमा इस्राएल', देव एकच असल्याची ग्वाही, आणि बारशापासून मयतीपर्यंत सगळीकडे ते तेवढंच म्हणत. सिनेगॉगला जाता येत नाही हे नुकसान आहे, ते मी नाकारत नाही. माणसं भेटतात, सूर कानावर पडतो, एकटेपणा हटतो. पण त्यामुळे घरातलं काही रद्द होत नाही.

आता शुक्रवारची संध्याकाळ. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या अनुभवात घर सावरायला सुरुवात इथूनच होते.

दिवा सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावायचा असतो. हिवाळ्यात मुंबईकडे सहाच्या सुमारास सूर्य जातो. नोकरी करणाऱ्या बाईला ती वेळ गाठणं शक्यच नाही. आणि सूर्यास्तानंतर, शब्बाथ लागल्यावर, दिवा पेटवायचा नसतो. म्हणजे तुम्ही धावतपळत येऊन उशिरा दिवा लावता तेव्हा ज्याच्यासाठी लावता तोच मोडतो आणि मन आणखी खट्टू होतं. हे बंद करा. शब्बाथच्या दिव्याची जबाबदारी घराची आहे, पुरुषांवरही ती आहे. बाई लावते हा अग्रक्रम आहे. ती घरी नसेल तर नवऱ्याने लावायचा. तुमचे मिस्टर घरी आहेत. दिवा त्यांच्याकडे द्या.

यामागे माझं आणखी एक कारण आहे. नोकरी गेलेल्या पुरुषाचा आठवडा सपाट होतो. सोमवार आणि गुरुवार यांत फरक राहत नाही. मी अशा चार-पाच घरांत गेले आहे, आणि प्रत्येक ठिकाणी माणूस म्हणत असतो की माझा कोणाला काही उपयोग नाही. त्याला समजावून काही होत नाही. पण शुक्रवारी अमुक वाजून अमुक मिनिटांनी त्याच्याशिवाय घरात शब्बाथ येणारच नाही, असं झालं की आठवड्याला एक कडा येते. अर्थात हे तुमच्या मिस्टरांच्या स्वभावावर आहे. तुम्ही 'तुम्ही रिकामेच आहात तर' अशा सुरात सांगितलंत तर दिवा लागेल आणि घर विझेल. 'मला वेळेत पोचता येत नाही, माझ्या वतीने तुम्ही लावा, मला गाडीत बरं वाटेल,' असं सांगा. आणि ते खरंच आहे. सहाच्या लोकलमध्ये उभ्याने येताना घरी दिवा लागला असेल हे माहीत असणं काय असतं, ते एकदा अनुभवा.

माझ्या घरची एक संध्याकाळ सांगते. मिस्टरांच्या आजारपणाचं दुसरं वर्ष होतं. आदल्या रात्री मला झोप नव्हती, दुपारी फिजिओथेरपीवाला आला नव्हता, त्यांना उठवून बसवताना माझी पाठ धरली. मी जमिनीवर आडवी झाले ती उठेना. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. तो खिडकीतून उजेड बघत होता. त्याने माझ्या आजीसारखा काचेचा पेला घेतला, त्यात पाणी, वर खोबरेल तेल, वात. फळीवर माझ्या अक्षरात देवनागरीत लिहिलेलं कार्ड होतं, त्यावरून त्याने 'बारुख अत्ता' म्हणायला सुरुवात केली आणि चुकून हनुक्का या दिव्यांच्या सणाचं बेराखा वाचलं. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तोवर मिस्टरांनी डावा हात वर केला. उजवा चालत नव्हता. मुलाने त्या हाताला हात लावला, दोघांनी आपापली बोटं ओठांना लावली. आपली हातबोशी. सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपल्यावर सगळे एकमेकांना करतात तीच. मी पडल्या पडल्या बघत होते. नंतर मुलाने बरोबर बेराखा म्हटलं. त्या दिवशी घरात भात आणि कालची आमटी होती.

पदार्थांवरून आठवलं. दोन पाव किंवा दोन गव्हाच्या चपात्या पुरतात. तांदळाची भाकरी हमोत्सीला, म्हणजे भाकरीवरच्या बेराखाला, चालत नाही, कारण ते बेराखा गव्हासारख्या पाच धान्यांच्या भाकरीचं आहे. तुम्ही लिहिलंय की भाकरीच करता, म्हणून सांगितलं. दोन चपात्या कपड्याखाली झाकून ठेवा. किद्दुशला वाइन लागते म्हणून अडून बसू नका, आपल्याकडे ती कधी नव्हतीच. काळ्या मनुकांचं सरबत हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा किद्दुश आहे. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद: सारा, रिव्का, राहेल, लेआ यांच्यासारखं देव तुला करो, आणि पुढे 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो'. दहावीच्या मुली डोकं मागे घेतात. तरी ठेवा. आठवड्यातून एकदा मार्क, मोबाइल आणि क्लास यांच्या पलीकडे आईबापाचा हात डोक्यावर येतो, त्याची नोंद आत कुठेतरी होत राहते.

तल्मूद या आपल्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथाच्या ऋषीतुल्य कर्त्यांनी लिहून ठेवलंय की मंदिर उभं होतं तेव्हा वेदी माणसासाठी प्रायश्चित्त करायची, आता माणसाचं टेबल करतं. तुमचं जेवणाचं टेबल, ज्याच्या एका कोपऱ्यावर औषधांचा डबा आहे आणि दुसऱ्यावर दहावीचं गणित, तीच वेदी. औषधाचा डबा हलवायची गरज नाही.

आता सासरे. इथे सल्ला जपून द्यायला हवा, कारण प्रत्येक घराची ताकद वेगळी. तुम्ही लिहिलंय की ते पूर्वी सिनेगॉगमध्ये तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, म्हणायचे आणि आता नातीचं नाव विसरतात, आणि तुम्हाला त्यांची चादर बदलताना मनात राग येतो, मग रागाची लाज वाटते. तल्मूदात एक वाक्य आहे: परिस्थितीने आपली विद्या विसरलेल्या म्हाताऱ्या माणसाला जपा, कारण कराराच्या कोशात, म्हणजे दहा आज्ञांच्या पेटीत, अखंड पाट्या आणि फुटलेल्या पाट्या दोन्ही ठेवलेल्या होत्या. मोशेने फोडलेल्या दगडी पाट्यांचे तुकडे टाकून दिले नव्हते. नव्या पाट्यांच्या शेजारी त्याच पेटीत ठेवून वाळवंटभर वाहून नेले. वाहणाऱ्यांना वजन लागलंच असणार. तुम्हालाही लागतंय. रागामुळे तुमचं वाहणं खोटं ठरत नाही.

शौचानंतर म्हणायचं एक छोटं बेराखा आहे, अशेर यात्सार. त्याचा अर्थ असा, की देवा, तू माणसाला शहाणपणाने घडवलंस, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या केल्यास. त्यातलं एक जरी नको तिथे उघडलं किंवा बंद झालं तर तुझ्यासमोर उभं राहणं अशक्य. मुलांना हे शिकवताना वर्गात हसू पिकायचं. मिस्टरांचा कॅथेटर बदलायला लागल्यापासून मी ते कधी सहज म्हटलं नाही. आपल्या धर्माने बेडपॅनसुद्धा बाहेर ठेवला नाही. चादर बदलून झाली, हात धुतले, की तुमच्या स्वतःच्या शरीरासाठी ते म्हणा. वीस सेकंद लागतात. मन लागलं नाही तरी म्हणा; मन पुढच्या महिन्यात लागेल.

तल्मूदातल्या रब्बी अकिवांचीही एक गोष्ट आहे. त्यांचा एक शिष्य आजारी पडला, कोणी बघायला गेलं नाही. अकिवा गेले. त्यांच्या येण्याने जमीन झाडली गेली आणि पाणी शिंपडलं गेलं, आणि शिष्य म्हणाला, "रब्बी, तुम्ही मला जगवलंत." एवढ्या मोठ्या पंडिताच्या भेटीत बरं करणारी गोष्ट कोणती निघाली, तर झाडलोट आणि सडा. तुम्ही रोज सकाळी सासऱ्यांच्या खोलीत फरशी पुसता, त्याला तुम्ही काम म्हणता. मी त्याला बिक्कुर होलीम म्हणेन, रुग्णसेवेची मित्स्वा, म्हणजे धर्माने सांगितलेलं कर्तव्य.

आणि मर्यादाही ऐका. रामबाम या मध्ययुगातल्या थोर धर्मपंडिताने स्पष्ट लिहिलंय की आईवडिलांचं मन भ्रमिष्ट झालं आणि मुलाला ते झेपेनासं झालं, तर त्याने दुसऱ्यांना त्यांच्या सेवेला नेमावं. म्हणजे मावशी ठेवणं, डे-केअर बघणं, इस्रायलच्या दिराकडे 'महिन्याला अमुक पैसे पाठवा' असं स्पष्ट मागणं, यात सासऱ्यांचा अनादर नाही. तल्मूदात म्हटलंय की एक जण बापाला उंची पक्ष्यांचं मांस खाऊ घालूनही शिक्षेला पात्र होतो आणि दुसरा बापाला जात्यावर बसवूनही स्वर्गाला जातो. सगळं वागवण्यात आहे. दमून कडू झालेल्या सुनेपेक्षा चार तास झोपलेली सून आणि बाहेरची मावशी, हे सासऱ्यांसाठी चांगलं. ही सोय तुमच्या ऐपतीवर आहे, हे मला कळतं. पण दिराला फोन करणं ऐपतीवर नाही. तो करा.

आता एक गोष्ट मी कळकळीने सांगते. कोणी तुम्हाला म्हणेल की हे दुःख देवाने तुमच्या भल्यासाठी पाठवलंय. ऐकू नका. तल्मूदातले रब्बी योहानान आजारी मित्राला भेटायला गेले आणि विचारलं, "तुला ही दुःखं प्रिय आहेत का?" तो म्हणाला, "तीही नकोत आणि त्यांचं फळही नको." योहानान त्याला समजावत बसले नाहीत. म्हणाले, "हात दे." हात दिला आणि त्याला उठवलं. त्याच पानावर प्रश्न येतो की योहानान आजारी पडले तेव्हा त्यांनी स्वतःला का उठवलं नाही, आणि उत्तर आहे: कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही. या योहानानांनी आपली दहा मुलं पुरली होती, दुःखाबद्दल ते ऐकीव बोलत नव्हते.

त्यामुळे अर्थ शोधणं म्हणजे दुःखाला छान म्हणणं नव्हे. तक्रार करायला आपल्याकडे पुरेपूर जागा आहे. तेराव्या स्तोत्रात दावीद चार वेळा विचारतो, किती काळ? रात्री भांडी झाल्यावर ते सहा ओळींचं स्तोत्र मराठीत वाचा, मोठ्याने, ओट्यापाशी उभं राहून. देवावर ओरडणं ही प्रार्थनाच आहे. आणि झोप महिनोन्‌महिने उडाली असेल, जेवण जात नसेल, जगू नये असं मनात येत असेल, तर आधी डॉक्टर. वैद्याला बरं करण्याची परवानगी तोरेनेच दिली आहे आणि जीव वाचवायला शब्बाथसुद्धा बाजूला ठेवायचा असतो. मिस्टरांकडेही या बाजूने लक्ष द्या. पुरुष सांगत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. घरात एका गोष्टीपुरतेच पैसे असतील तर काय घ्यावं, याचाही आपल्याकडे विचार झालाय: घरचा दिवा आणि किद्दुशची वाइन यांत दिवा आधी, हनुक्काचा दिवा आणि घरचा दिवा यांतही घरचा दिवा आधी. कारण दिलंय घरातली शांती. अंधारात माणसं एकमेकांवर आपटतात आणि चिडतात. म्हणून सणाच्या खरेदीत काय गाळायचं ते याच कसोटीवर ठरवा. मदत घेण्याची लाज वाटत असेल तर रामबामची दानाची आठ पायऱ्यांची उतरंड आठवा. सगळ्यात वरची पायरी भीक नाही. माणसाला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम मिळवून देऊन पायावर उभं करणं ही आहे. म्हणजे मिस्टरांसाठी ओळखीच्या माणसाला काम विचारलंत तर तुम्ही त्याला सगळ्यात मोठ्या मित्स्वेची संधी देता. शनिवारी ड्यूटी असलेली नोकरी आली तर घ्यावी का, हे मात्र मला सांगता येणार नाही. तिथे जाणकाराला, घराची सगळी परिस्थिती पुढे ठेवून विचारा.

तुम्ही मलिद्याचा, म्हणजे आपल्या पोह्यांच्या प्रसादाचा, नवस बोलण्याबद्दलही विचारलंय. नोकरी लागली की मलिदा करू, असं. करा. आपल्या लोकांनी सुटकेनंतर, आजारपण गेल्यावर, लग्नाआधी एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन तो केला आहे. माझी एवढीच विनंती की नोकरीची वाट पाहू नका. धुतलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि परवडतील ती फळं, एवढ्यात होतो. सासऱ्यांना 'एलियाहू हन्नाबी'चा सूर ऐकवा. शब्द गेले तरी सूर बरेचदा राहतो; मी ते दोन घरांत बघितलं आहे. तुमच्याकडे होईलच असं नाही, पण ओठ हलले तर मुलीला जवळ बसवा.

आणि मुलगी. तिचा प्रश्न ऐकून तुम्ही घाबरलात. मला आनंद झाला. पेसाखच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री सगळा विधीच मुलांनी विचारण्यापासून सुरू होतो. नियम असा की मुलगा विचारेल. त्याला समज नसेल तर बायको विचारेल. आणि माणूस एकटाच असेल तर त्याने स्वतःलाच विचारायचं. म्हणजे उत्तर देणारं कोणी नसलं तरी प्रश्न टळत नाही. तुम्ही एवढे महिने स्वयंपाकघरात एकट्याने स्वतःला जे विचारताय, ते याच रांगेत बसतं.

तिला व्याख्यान देऊ नका. 'मलाही नीट माहीत नाही, पण तुला एक गोष्ट सांगते' म्हणा, आणि मासळी साफ करताना दावीद रहाबीची गोष्ट सांगा. हातात खवले असताना सांगा. मग तिच्यावर एक काम सोपवा, संपूर्ण तिचं; शब्बाथ सुटताना करायच्या हवदाला या विधीतलं सुवास घेण्याचं बेराखा उत्तम. सब्जाची पानं, गुलाब, नाहीतर लवंग-दालचिनी, काय आणायचं ते तिने ठरवायचं. आजोबांच्या नाकाशी पहिल्यांदा तिने धरायचं. तिला पुढे यहुदी म्हणून कसं जगायचं ते ती ठरवेल, इथे राहील की अश्दोदला जाईल तेही. आज तिच्याजवळ एक वास आणि एक गोष्ट असू दे.

तर या आठवड्यापुरतं एवढंच बघा: दिवा मिस्टरांकडे, हवदाला मुलीकडे, तुमच्याकडे किद्दुशचं सरबत, आणि दिराला एक फोन. बाकी काही वाढवू नका. एखाद्या शुक्रवारी यातलं काहीच जमलं नाही तर अंथरुणावर पडून 'शेमा इस्राएल' म्हणा आणि झोपा.

सरबताचं प्रमाण लिहिते. एक वाटी काळ्या मनुका दोनदा धुवायच्या, दोन वाट्या पाण्यात भिजत घालायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात हाताने चांगल्या कुस्करायच्या, एक उकळी आणायची, गार झालं की मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायचं. साखर घालू नका, मनुका गोड असतात. भिजवायच्या मात्र गुरुवारी रात्रीच, झोपण्याआधी. शुक्रवारी सकाळी घातल्या तर संध्याकाळपर्यंत रस उतरत नाही.